रात्रीचं जेवण एका पातेल्यात, आणि पोरं स्वयंपाकघरात

घरात लहान मुलगे असतील तर रात्रीचा स्वयंपाक एकाच पदार्थाचा असावा आणि त्या स्वयंपाकाला मुलग्यांचे हात लागावेत, असं माझं ठाम मत आहे. एकाच पदार्थाचं म्हटलं की मैत्रिणी लगेच माना डोलावतात. पण मुलग्यांचं म्हटलं की, "अगं, मुलगे ना ते, सगळं सांडून ठेवतील!" सांडतातच. माझा थोरला सात वर्षांचा, धाकटा चार. सध्या पावसात खालून खेळून येतात ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊनच. पाय धुतले तरी बाथरूमपासून हॉलपर्यंत ओल्या पावलांची रांग असतेच. ही मुलं सांडणार, हे धरूनच मी स्वयंपाक ठरवते.

नोकरीवरून साडेसहा-सातला घरी आल्यावर पोळी, भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असं साग्रसंगीत ताट रोज रात्री वाढायलाच हवं, हा हट्ट आपण सोडायला हवा. चारीठाव जेवण सणावारी करू, रविवारी दुपारी करू. एरवी मुगाची खिचडी आणि ताक, थालीपीठ आणि दही, मिश्र डाळींची धिरडी, आणि आमच्याकडे सगळ्यात लाडकी वरणफळं. माझ्या माहेरी त्यांना चकोल्या म्हणतात.

वरणफळांची गंमत अशी की मुलांना करण्यासारखं काम त्यात भरपूर असतं. वाटीभर तुरीची डाळ आल्याआल्या भिजत टाकायची आणि मुलांच्या आंघोळी उरकेपर्यंत कुकर लावून द्यायचा. दीड वाटी कणकेत हळद, तिखट, मीठ, चुरडलेला ओवा आणि चमचाभर तेल घालायचं. हे मिसळायचं काम धाकट्याचं. ओवा तळहातावर चोळून नाकाशी नेतो, मग भावाच्या नाकाशी नेतो, मग माझ्या. पाणी मीच घालते, कारण पीठ घट्टच हवं. सैल झालं तर फळं आमटीत विरघळतात. पोळी मी लाटते आणि थोरला करंजीचं कातणं फिरवून तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडतो. कुणी त्रिकोणी होतो, कुणी नुसतीच लांब पट्टी. सगळे सारखेच शिजतात.

गॅसजवळचं काम मात्र माझं किंवा नवऱ्याचं, त्यात तडजोड नाही. उकळती आमटी अंगावर उडाली तर भाजतं, म्हणून मुलं खाली जमिनीवर, जुन्या चादरीवर बसलेली असतात. मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्त्याची फोडणी, त्यावर घोटलेली डाळ, चार-पाच वाट्या पाणी, गोडा मसाला, आमसुलं, गुळाचा खडा. खळखळून उकळी आली की फळं एकेक करून सोडायची, एकदम ओतली तर चिकटून गोळा होतो. दहा-बारा मिनिटांनी एक तोडून बघायचं. आत कच्चं पीठ दिसलं नाही की वर कोथिंबीर, आणि पानात साजूक तुपाची धार. सोबत काकडी-गाजर. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतलं लायसिन गव्हात कमी असतं, ते डाळीत भरपूर. मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल डाळीत कमी, ते गहू भरून काढतो. तेव्हा "नुसतीच वरणफळं?" असं कुणी विचारलं तर मला कमीपणा वाटत नाही.

आता पसारा. सांडलेली कोरडी कणीक ओल्या फडक्याने पुसायला गेलं की तिची चिक्की होते आणि फरशीला बसते. आधी केरसुणीने कोरडी गोळा करायची, मग ओलं फडकं. हे थोरल्याला आता सांगावं लागत नाही. धाकटा चादरीची दोन टोकं धरतो, थोरला दोन, आणि दोघं मिळून ती बाल्कनीत झटकायला नेतात. वाटेत थोडं सांडतं. ते पुन्हा काढतात. ज्याने सांडलं त्याने काढायचं, हा आमच्या घरचा नियम, आणि तो त्यांच्या बाबालाही लागू आहे.

यावरच मला खरं बोलायचं आहे. "मुलगेच ते" हे वाक्य आपण प्रेमाने बोलतो, पण त्याची किंमत पुढे कुणीतरी दुसरीच मोजते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांना त्यात धरलं होतं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि मुळात असं काम करणाऱ्या स्त्रिया होत्या ८१.२ टक्के, पुरुष फक्त २६.१ टक्के. सहा वर्षांपासून! म्हणजे माझा थोरला त्या मोजणीच्या वयात आलासुद्धा. तो कोणत्या बाजूला मोजला जावा हे आत्ताच, या चादरीवर ठरतंय असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंना सुरुवातीला हे पटत नव्हतं. "मुलांना कशाला ओट्याशी बसवतेस?" म्हणायच्या. मी वाद घातला नाही, मुलांना त्यांच्याच शेजारी लसूण सोलायला बसवलं. आता पाकळी ताटाच्या काठाने जरा दाबली की साल सुटते, हे नातवांना त्याच दाखवतात.

आणखी एक. स्वतः कापलेलं फळ पानात शोधत बसलेल्या मुलाला जेवताना मोबाइल लागत नाही. आमच्याकडे "हे माझं, हे तुझं" यावर भांडणं होतात, आवाज चढतात, तूप टेबलावर ओघळतं. चालेल मला.

ज्या घरी यायलाच आठ वाजतात त्यांनी सगळं करू नये. कणीक सकाळीच घट्ट मळून फ्रिजमध्ये ठेवा, मुलांना फक्त कापायला द्या. उरलेली वरणफळं सकाळी घट्ट होतात, त्यांत गरम पाणी आणि किंचित मीठ घालून उकळा. धाकटा ती शाळेच्या डब्यात मागतो, पण पाणी घातल्यावर ती पातळ होतात, म्हणून मी देत नाही. घट्ट करून देणारी कुणी असेल तर प्रमाण नक्की लिहा.