महाकाय दुर्बीण बांधायचीय? बेळगावला या की!

जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण बांधायला निघालेल्या तमाम शास्त्रज्ञांनो, चिलीच्या वाळवंटात कशाला तडफडताय? आमच्या गल्लीच्या तोंडाला नवीन मंगल कार्यालय झालंय आणि तेव्हापासनं उजेडाच्या बाबतीत आम्ही तुमच्या लई पुढं गेलोय, म्हणून हे फुकटचे सल्ले.

आधी जागा. युरोपवाल्यांनी ३९ मीटरच्या आरशासाठी आटाकामातला सेरो आर्माझोनेस नावाचा डोंगर निवडला. ३०४६ मीटर उंच, हवा कोरडी ठणठणीत, रात्री चिटपाखरू नाही. लोक जेवणार कुठं? आमच्याकडं जागा निवडताना हायवे आणि पार्किंग बघतात.

त्या आरशाचे ७९८ षटकोनी तुकडे जोडायला आमचे पेव्हर बसवणारे न्या. फट राहिली तर बिल काढून झाल्यावर बघू.

जागेवरनं वाद झाला तर लोकांना आधी विचारायच्या भानगडीत पडू नका. तीस मीटर आरशाची दुसरी दुर्बीण बांधणाऱ्यांचं हवाई बेटांवर तेच झालं. मौना केआ तिथल्या मूळ लोकांचा पवित्र डोंगर. २०१४ ला भूमिपूजन अडवलं, २०१५ ला कोर्टानं परवानगी रद्द केली, २०१८ ला परत दिली, २०१९ ला म्हातारी माणसं रस्त्यात बसली, काम अजून तिथंच. २०२५ ला स्पेन म्हणालं आमच्या ला पाल्मा बेटावर या, ४० कोटी युरो देतो. सीमाप्रश्नासाठी २००४ पासनं सुप्रीम कोर्टाकडं डोळे लावून बसलेल्या आम्हा बेळगावकरांना यात नवीन काय वाटणार, सांगा.

आता मुख्य मुद्दा, लेझर. तुम्ही लोक नव्वद किलोमीटर वरच्या सोडियमच्या थरावर लेझर मारता, तिथं खोटा तारा चमकतो, खालच्या हवेनं तो किती थरथरतोय ते मोजता आणि आतल्या एका पातळ आरशामागची पाच हजारांवर बारकी यंत्रं सेकंदाला हजार वेळा तो आरसा वाकवून ती थरथर घालवतात. एवढा खटाटोप! आमच्या कार्यालयवाल्यांनी चार शार्पी, म्हणजे झोताचे फिरते दिवे, लावल्यात, सरळ आभाळात, हिरव्या, जांभळ्या, गोल गोल फिरायलेत, मोजायचं काही नाही, वाकवायचं काही नाही, नवरदेवाची एंट्री झाली की काम फत्ते. शिवाय विमान जवळ आलं की तुम्ही लेझर बंद करता म्हणे. सांबऱ्याला विमानं आमच्याकडं पण उतरतात, म्हणून काय एंट्री थांबवायची? आणि एंट्री नऊला, शार्पी मात्र रात्री एकपर्यंत, म्हणजे पाहुणे गेले, आचारी गेले, भांडी गेली तरी ह्या फिरतातच, कुणासाठी फिरतात देव जाणे, माझ्या सहा इंची दुर्बिणीतनं गल्लीतल्या पोरांना मृगातला तेजोमेघ दाखवायचा होता, दिसला नुसता जांभळा धूर, पोरं म्हणाली काका तुमची दुर्बीण बाद आहे. मालकांना जाऊन सांगितलं तर म्हणतात, "आकाशात काय बघायचं असतंय ओ, युट्यूबवर बघा की!"

बघतो की युट्यूबवर. आपल्याच राज्यात (कुठलं आपलं ते तुम्ही ठरवा) बेंगळूरजवळ होसकोटेला त्या तीस मीटरवाल्या दुर्बिणीचे काही तुकडे घासायची सोय केलीय, तिथं नॅनोमीटरचा हिशोब चालतो. ते कुणासाठी? आपल्या पोरांनी बघायचं काय, तर शार्पी.

ह्या लग्नसराईला अंधार शोधत जांबोटीच्या रानाकडं गेलं तर तिथं पण रिसॉर्टचे फ्लडलाईट. जाऊ दे.

नाही, जाऊ दे कशाला? लडाखात हानलेला २०२२ ला डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे अंधाऱ्या आभाळासाठी राखीव जागा, झालं, तिथली माणसं खिडक्यांना जाड पडदे लावतात, दिव्यांना शेड लावतात, आणि कार्यालयवाल्यांनो, तुम्हाला पाहुणे गेल्यावर एक बटन दाबता येत नाही? लाज वाटत नाही? वर गेलेल्या उजेडानं तुमच्या दारात खड्डा दिसत नाही, आणि तरी बिल तुम्हीच भरताय. फ्लडलाईटला शेड लावा, तोंड जमिनीकडं करा. शार्पी दहाला बंद म्हणजे बंद. आणि यंदा ज्यांच्या घरात लग्न आहे त्यांनी हॉल बुक करतानाच हे मालकांना सांगायचं, मी एकटाच किती भांडू?