‘राखेत सगळं खत उरतं’ हे खरं नाही

ऊसतोड सुरू झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, पंढरपूर, माळशिरसकडच्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज फिरू लागतो: ‘पाचट पेटवा. राखेत सगळं खत उरतं, हुमणी मरते. पाचट ठेवलं तर खोडवा पिवळा पडतो. नाहीतरी ऊस युरियावरच वाढतो.’ (पाचट म्हणजे तोडणीनंतर शेतात उरलेला उसाचा वाळका पाला, खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून, खुंटांतून पुन्हा फुटणारं पीक, हुमणी म्हणजे मुळं खाणारी अळी.) पिवळेपणाची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणूनच मेसेज पटतो. एकेक बघू.

राखेत सगळं खत उरतं? एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र (नायट्रोजन) धरलं तरी चार टनांत 20 किलो, म्हणजे युरियाची जवळजवळ एक गोणी. काडी ओढली की हे बहुतेक सगळं धुरात जातं, गंधकाचंही तेच. पालाश (पोटॅश) आणि स्फुरद (फॉस्फरस) राखेत उरतं, हे मान्य. पण तीही वाऱ्यानं बांधापलीकडे जाते. सगळ्यात मोठं नुकसान कर्बाचं, म्हणजे कार्बनचं. दीड टनाच्या आसपास कर्ब जळतो आणि जमिनीतल्या जिवाणूंचं, बुरशीचं पोट त्यावरच चालतं. सोलापूरच्या उन्हात सेंद्रिय कर्ब आधीच टिकत नाही. जो हाताशी आहे तो आपणच जाळायचा?

हुमणी मरते? नाही. आग वरच्यावर जाते, हुमणी मुळांपाशी खोल असते. उलट तिला रोगी करून मारणाऱ्या मेटारायझियमसारख्या बुरशीला वरच्या थरात लागणारा ओलावा आणि सावली आपण घालवतो. हुमणीचा बंदोबस्त वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर बसणारे तिचे भुंगेरे गोळा करूनच करावा.

आता पिवळेपणा. पाचटात नत्राच्या 80 पट तरी कर्ब असतो. ते कुजवताना जिवाणूंना स्वतःची वाढ करायला नत्र लागतं. पाचटात पुरत नाही, मग ते मातीतलं उचलतात. खोडवा काही आठवडे उपाशी राहतो, म्हणून पिवळा दिसतो. पुढे तेच जिवाणू मरतात आणि अडकलेलं नत्र पिकाला मोकळं होतं. दोन-तीन महिन्यांनी सरीतलं पाचट उचलून बघा: खालचा थर काळपट, हातात चुरा होणारा, त्यात बुरशीचे पांढरे धागे. पिवळेपणाला उपाय आहे आणि तो महागही नाही. तो शेवटी सांगतो.

ऊस युरियावरच वाढतो? युरियाचा अमोनिया होतो तो जिवाणूंच्या विकरामुळे (एन्झाइममुळे), अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आणखी वेगळे. आपल्या चुनखडीच्या, आठच्या वर सामू (पीएच) असलेल्या जमिनीत युरिया उघडा फेकला तर अमोनिया हवेत उडतो. उजनी धरणाचं पाणी आलं म्हणून सरी तुंबवली, तर हवेविना जगणारे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायू होऊन निघून जातं. स्फुरद तर इथं चुन्याशी बांधलं जातं. ते सोडवणारे जिवाणू आम्लं तयार करतात, पण त्यांनाही खायला कर्बच लागतो.

तेव्हा ऊस तुटला की पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा. टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका आणि हलकं पाणी द्या. एवढा युरिया जिवाणूंना मिळाला की ते खोडव्याचं नत्र ओढत नाहीत.