ग्राहक दारातूनच कसा परतवावा

मुंबईत गाळा घेऊन, भाडे आणि पागडीचा हिशेब जुळवून आपण आता व्यवसायाचे संकेतस्थळही सुरू करणार असाल, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: संकेतस्थळ ग्राहकाचे काम व्हावे म्हणून नसते, त्याची चिकाटी पारखण्यासाठी असते. ज्याला थांबता येत नाही त्याला वस्तूची खरी गरज नव्हतीच, असे समजून निश्चिंत राहावे.

एका सेकंदाहून अधिक उशीर झाला की माणसाच्या विचारांचा ओघ तुटतो आणि दहा सेकंदांनंतर त्याचे लक्ष दुसरीकडे जाते, असे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवले आहे. आपले उद्दिष्ट त्यामुळे आयतेच ठरते: अकरा सेकंद. ते गाठण्यासाठी मालकांनी फीत कापतानाची चित्रफीत पहिल्याच पानावर आपोआप सुरू करावी, आणि तिच्यावर 'आमचे अ‍ॅप घ्या' असा फलक झळकवावा. तो बंद करण्याची फुली तिळाएवढी असावी, म्हणजे लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा हमखास जाहिरातीवर पडेल. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, किमान 4.5:1 असावा, असे वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परंतु पांढऱ्यावर फिकट करडा रंग अधिक उंची दिसतो, आणि भर दुपारी दादरच्या पुलावर उभे राहून दर वाचू पाहणाऱ्याचा विचार आपण का करावा?

खरे कौशल्य मात्र अर्जात आहे. 'मराठी' हे बटण अवश्य ठेवावे, पण मराठीत लिहिलेले नाव 'अवैध' ठरवावे. जन्मतारीख टंकू न देता कॅलेंडर द्यावे आणि ते एकेका महिन्यानेच मागे सरकू द्यावे. साठीच्या गृहस्थाला 720 वेळा बोट दाबताना आपले आयुष्य केवढे मोठे आहे याची जाणीव होईल. पत्त्यात कोणतेही विशेष चिन्ह चालू देऊ नये. गिरगावातील आमचे काका 'बी/14, दुसरा मजला, मागचा जिना' येथे राहतात. एका संकेतस्थळाने त्यांची तिरपी रेघ नाकारली, मग स्वल्पविराम नाकारले, आणि प्रत्येक नकाराबरोबर आधी भरलेले सारे रकाने कोरे केले. नेमके काय चुकले हे कुठेही लिहिलेले नव्हते. 'काहीतरी चुकले आहे' एवढेच लाल अक्षरांत होते, आणि तेही पानाच्या अगदी वर, जिथे खालचे बटण दाबणाऱ्याची नजर पोहोचत नाही. चौथ्या प्रयत्नात काकांनी नुसते चौदा लिहिले. डिलिव्हरीचा मुलगा चौदा नंबरच्या चाळीत चौकशी करून परत गेला.

ओटीपीची मुदत तीस सेकंद ठेवावी. भुयारी मेट्रोतल्या प्रवाशाला तो गाडीबाहेर पडल्यावर मिळेल, आणि संदेश वाचून तो परत येईपर्यंत पान पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेले असेल, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

पैसे भरण्याच्या पानासाठी तर सरकारनेच अभ्यासक्रम तयार करून दिला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूचनांत अशा 13 क्लृप्त्या नावानिशी सांगितल्या आहेत. ग्राहकाच्या टोपलीत न मागितलेली वस्तू हळूच सरकवणे, खोटी घाई निर्माण करणे, नकार देणाऱ्याला लाजवणे हे सारे त्या यादीत आहे. त्या सूचना या क्लृप्त्यांना मनाई करण्यासाठी काढल्या आहेत, ही किरकोळ बाब आपल्या विकसकांच्या कानांवर घालण्याची घाई करू नये. विमा नाकारण्याच्या बटणावर 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही' असे खुशाल छापावे.

दूरध्वनी क्रमांक अर्थातच देऊ नये. तक्रारीचा अर्ज द्यावा. आमच्या काकांनी तो भरला. 'आपल्या अर्जात / हे चिन्ह चालत नाही,' अशी त्यांची तक्रार होती. ती त्याच क्षणी परत आली: विशेष चिन्हे वापरू नयेत.