‘रविवारी माफी, सोमवारी पाटी कोरी’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज फिरत फिरत पुन्हा आला आहे. त्याचा गोषवारा असा: ख्रिस्ती माणसाचं बरं असतं. आठवडाभर काहीही करा, रविवारी माफी मागा, सोमवारी पाटी कोरी. देवाची कृपा फुकट, तेव्हा चांगलं वागायची गरजच नाही. कृपेवर विसंबलेला माणूस हातपाय हलवत नाही, आणि ज्याचं नुकसान झालं तो बसतो हात चोळत. शेवटी बायबलचं वचन म्हणून एक वाक्य: ‘जो स्वतःला मदत करतो त्यालाच देव मदत करतो.’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळीही आहेत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘फुकट आहे म्हणून पाप करा’ हा आरोप पहिल्या शतकातलाच आहे. ‘चांगलं निष्पन्न व्हावं म्हणून वाईट करू या, असं आम्ही शिकवतो अशी आमची निंदा होते,’ अशा अर्थाची तक्रार येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या, रोमकरांस (रोममधल्या ख्रिस्ती लोकांना) लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात केली आहे. सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो की कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं का, आणि स्वतःच ठणकावून ‘नाही’ म्हणतो. कृपा फुकट आहे हे तो एका अक्षरानेही मागे घेत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की कृपा मिळालेला माणूस आधीचा उरत नाही. तीत या सहकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात तर कृपा आपल्याला संयमाने राहायला शिकवते, असं स्पष्ट म्हटलं आहे.

हे शिकवणं रोजच्या जगण्यात कसं दिसतं? रात्री मुलावर विनाकारण खेकसलेला बाप घ्या. दहा मिनिटांत त्याच्या डोक्यात वकील उभा राहतो: दिवस वाईट गेला होता, तोही उलट बोलला, शिस्त नको का? आपण चांगला बाप आहोत यावरच ज्याची सगळी किंमत उभी आहे, त्याला हा खटला जिंकावाच लागतो. पण आपण चांगले होण्याआधीच देवाने आपल्याला स्वीकारलं आहे, असा ज्याचा विश्वास आहे, त्याला खटला जिंकायची गरज उरत नाही. तो मुलाच्या खोलीत जाऊन ‘चुकलं माझं’ म्हणू शकतो, आणि त्याला ‘पण’ जोडत नाही. माझ्या मते कृपेचं रोजचं काम मुख्यतः हे आहे. चूक लपवायचं कारणच ती काढून घेते. मेसेज लिहिणाऱ्याला जे मोकळं रान वाटतं, ते खरं तर कबुली द्यायचं मोकळेपण आहे.

आता ‘नुकसान झालेल्याचं काय’ हा मुद्दा. सगळ्यात वजनदार आरोप हाच आहे, आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. लूकच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या) एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला अट घालत नाही, ‘आज मी तुझ्याकडे उतरणार’ एवढंच म्हणतो. मग जक्कय उभा राहून सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. आपणहून कबूल करणाऱ्याने मुद्दल आणि वर एक पंचमांश द्यावा, असं मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांत, होतं. म्हणजे १०० ला १२० पुरले असते. हा ४०० द्यायला निघाला. क्रम पाहा: स्वीकार आधी, हिशेब नंतर, पण हिशेब चुकत नाही.

चर्चची शिकवणही तीच आहे. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार पापनिवेदनानंतर (धर्मगुरूपुढे पापांची कबुली दिल्यावर) क्षमा मिळाली तरी चोरलेलं परत करायचं असतं आणि ज्याची बदनामी केली त्याचं गेलेलं नाव परत मिळवून द्यायचं असतं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन गेलात आणि भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवा, आधी त्याच्याशी समेट करा. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात राजा चाकराचं १०,००० टॅलेंटचं कर्ज सोडतो. एक टॅलेंट म्हणजे साधारण ६,००० दिनार, आणि एक दिनार ही दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी माफ. तोच चाकर बाहेर येऊन १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो, तेव्हा राजा माफी रद्द करतो.

हे सगळं असूनही चर्चमधल्या अत्याचारांवर ‘क्षमा कर आणि विसर’ असं पीडितालाच सांगून पांघरूण घातलं गेलं, हा इतिहास आहे. मेसेजमधला राग तिथून आला असेल तर तो रास्त आहे. फक्त त्या पांघरुणाला कृपा म्हणू नये. गुन्हेगाराला कबुलीपासून वाचवणं हे वर सांगितलेल्या सगळ्याच्या नेमकं उलट आहे.

आळसाबद्दल फार लिहायला नको. ‘मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे’ म्हणणारा पौल त्याच वचनात सांगतो की मी इतरांपेक्षा अधिक श्रम केले. कृपेचं काम संथ चालतं, हे मात्र खरं. इंग्रज खलाशी जॉन न्यूटन १७४८ च्या समुद्री वादळातून वाचून देवाकडे वळला, आणि त्यानंतर गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. वर प्रार्थना, खाली साखळदंडातली माणसं! त्या व्यापाराविरुद्ध त्याची जाहीर पत्रिका आली १७८८ मध्ये, आपल्या सहभागाच्या कबुलीसकट. चाळीस वर्षं ही लाज वाटावी एवढी दिरंगाई आहे, आणि ती झाकायचं मला काही कारण दिसत नाही.

राहिलं ते शेवटचं वचन. ते बायबलमध्ये कुठेच नाही. जुन्या ग्रीक बोधकथांतून आलेला हा विचार अमेरिकेतला लेखक-मुद्रक बेंजामिन फ्रँकलिन याने १७३६ च्या आपल्या पंचांगात छापला आणि लोकांच्या तोंडी बसवला. बायबलमध्ये, रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात, आहे ते असं: आपण दुर्बळ असतानाच ख्रिस्त अधर्मी माणसांसाठी मरण पावला.