‘नवशिक्यांचा खेळ’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. सॉकेट (प्रोग्रॅमचं नेटवर्कवर बोलायचं टोक) वाचायला-लिहायला तयार आहे हे प्रोग्रॅमला कळवणारा इंटरफेस कसा असावा, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. त्यात मी लेव्हल-ट्रिगर्ड पद्धत डिफॉल्ट ठेवली होती. आपण लिहिता, “लेव्हल-ट्रिगर्ड डिफॉल्ट ठेवणं हा नवशिक्यांचा खेळ. ईपोल 2.4 कर्नलमध्ये आलं नाही. आणि आयओ-यूरिंग असताना हे दळण कशाला?”

चूक आधी मान्य करतो. ईपोल, म्हणजे सॉकेट तयार असल्याचं कळवणारी लिनक्समधली सोय, 2.4 मध्ये नाही, 2002 साली 2.5.44 या डेव्हलपमेंट कर्नलमध्ये (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आलं. लेखात दुरुस्ती केली आहे. पण ते सांगायला ‘नवशिके’ कशाला म्हणावं लागतं? चूक दाखवा, हिणवू नका.

आता लेव्हल-ट्रिगर्ड आणि एज-ट्रिगर्ड यांतला फरक. आपण कोल्हापूरचेच दिसता, म्हणून पंचगंगेचं सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट. पाणी त्याच्या वर असेपर्यंत कधीही विचारा, ‘वर आहे’ हेच उत्तर येणार. हे लेव्हल. एजमध्ये पाणी चढताना एकदा फोन येतो. मग ते तिथेच तुंबून राहिलं तर पुन्हा कोणी कळवत नाही.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी भट्टीचं तापमान गोळा करणारा सर्व्हर मी एज-ट्रिगर्ड लिहिला होता. एका रीडमध्ये 4096 बाइट घ्यायचे आणि पुढच्या सॉकेटकडे वळायचं. एके रात्री एका कंट्रोलरनं त्याहून मोठा संदेश पाठवला. उरलेले बाइट कर्नलच्या बफरमध्ये पडून राहिले. तो कंट्रोलर माझ्या उत्तराची वाट बघतोय, मी त्याच्या पुढच्या बाइटची. ईअगेन (‘आता वाचायला काही नाही’ हा संकेत) येईपर्यंत वाचत राहायचं असतं, हे मॅन पेजवर, म्हणजे लिनक्सच्या माहितीपानावर, आहे आणि मी ते वाचलेलंही होतं. तरी पहाटेपर्यंत शोधत बसलो, कारण लॉगमध्ये एका अक्षराची तक्रार नव्हती. तेव्हा या कामात मला बारा वर्षं झाली होती. नवशिका कोणाला म्हणताय?

तीच चूक लेव्हलमध्ये झाली असती तर पुढच्याच वेटमध्ये, म्हणजे ‘कोण तयार आहे?’ असं कर्नलला पुन्हा विचारताना, तो सॉकेट पुन्हा हातात आला असता. फार तर प्रोग्रॅम जास्त वेळा जागा झाला असता. ईपोलचं स्वतःचं डिफॉल्टही लेव्हलच आहे. एज हवं तर ईपोलईटी फ्लॅग द्यावा लागतो. माझ्या इंटरफेसमध्येही तसा फ्लॅग आहे. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसला असता.

राहिलं आयओ-यूरिंग. लिनक्सची ही दुसरी सोय वाचायचं-लिहायचं काम पूर्ण झाल्याचं कळवते, आणि माझा लेख तयार असल्याचं कळवण्याबद्दल होता. त्यावर इथे वाद घालत नाही.

अर्धवट वाचून थांबलं तरी गप्प न बसणारा एज-ट्रिगर्ड इंटरफेस तुमच्याकडे असेल तर कोड पाठवा. मी तो पूर्ण वाचेन.