पोप कोण होणार, हे विचारायचंच नाही का?

पुढचा पोप कोण होणार यावर पैज लावेल त्याला धर्मबहिष्कार, असा हुकूम चौदाव्या ग्रेगरी पोपनी १५९१ मध्ये काढला होता. रोममध्ये तेव्हा कार्डिनलांच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या, नावांवर सर्रास पैसे लागायचे आणि अफवा आली की भाव वरखाली व्हायचे. तो नियम पुढे कधीतरी गळून पडला. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस गेल्यावर तोच धंदा ऑनलाइन सट्टाबाजारांनी राजरोस केला. मी पैसे लावले नाहीत. पण नावं घेतली, वाद घातले, घरच्या ग्रुपवर दोन काकांना गप्प केलं. त्यावर ओळखीच्या एका धर्मगुरूंनी मला ऐकवलं, "पोप पवित्र आत्मा निवडतो. तुम्ही प्रार्थना करा, हे अंदाज कसले बांधताय?"

मिस्सा संपल्यावर चर्चच्या दारात फादरांशी हुज्जत घालणं बरं दिसत नाही, म्हणून तिथे हसून गप्प बसले. उत्तर इथे देते.

पवित्र आत्मा निवडतो हे इतकं सरळ असतं तर कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे नंतरचे सोळावे बेनेडिक्ट, १९९७ मध्ये बव्हेरियाच्या टीव्हीवर वेगळं बोलले नसते. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की पवित्र आत्मा नाव उचलून हातात देत नाही. तो माणसांना मोकळं सोडतो, सगळंच बुडणार नाही एवढंच बघतो. कारण इतिहासात असेही पोप होऊन गेलेत, जे पवित्र आत्म्याने निवडले असतील असं म्हणवत नाही. १४९२ चे बोर्जिया पोप आठवा. हे श्रद्धेच्या रखवालीचं खातं सांभाळणाऱ्या माणसाचं मत आहे, माझ्यासारख्या वसईच्या एका बाईचं नव्हे. तेव्हा निवड माणसं करतात हे धरून चालू. आणि माणसं करतात तर बाकीच्या माणसांनी बोलायचं का नाही?

पूर्वी बोलायचे. सुरुवातीच्या शतकांत रोमचा बिशप रोमचे धर्मगुरू आणि तिथले लोक मिळून निवडायचे. त्यात दंगे व्हायचे, उमराव घराणी हात घालायची, सगळं सोज्वळ होतं असं नाही. १०५९ मध्ये दुसऱ्या निकोलस पोपनी निवडीची सूत्रं कार्डिनलांकडे दिली, ११७९ मध्ये दोन तृतीयांश मतांची अट आली आणि लोक बाहेर राहिले. पण बाहेर राहिलेले लोक अगदीच निरुपयोगी नव्हते. १२६८ मध्ये रोमच्या उत्तरेला वितेर्बो गावी कार्डिनल पोप निवडायला बसले आणि तीन वर्षं होत आली तरी त्यांचं ठरेना. शेवटी गावकऱ्यांनी आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना वाड्यात कोंडलं, जेवण तोडलं आणि, असं सांगतात, वरचं छप्परसुद्धा काढलं. तेव्हा कुठे १२७१ मध्ये दहावे ग्रेगरी निवडले गेले. ते तर कार्डिनलही नव्हते आणि निवडीच्या वेळी पार पॅलेस्टाइनमध्ये आक्रे इथे होते. १२७४ मध्ये त्यांनीच कोंडून बसवण्याचा नियम केला. हीच ती बंद दाराआडची निवडसभा, कॉन्क्लेव्ह.

म्हणजे आज ही निवड होते त्या व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलचं जे दार आपल्या तोंडावर बंद होतं, त्याला पहिलं कुलूप आपल्यासारख्याच प्रापंचिकांनी घातलं होतं. आत काय चाललंय याची आम्हाला पर्वा आहे, हे सांगायला. मला मत नाही. कधीच मिळणार नाही. मग अंदाज बांधणं, 'हा नको, तो चालेल' असं मोठ्याने म्हणणं, हेच माझं मत. ७ मे २०२५ ला कार्डिनल आत गेले, त्या दिवशी व्हॅटिकनजवळ, स्त्रियांनाही धर्मगुरूपद द्या म्हणणाऱ्या काही स्त्रियांनी गुलाबी धूर सोडला. त्यांच्या सगळ्या मागण्या मला पटतात असं नाही. पण तो धूर सोडायची गरज का पडली, ते पटतं.

राग आहे तो आपण अंदाज कसे बांधतो त्याचा.

पासपोर्टवरून. फ्रान्सिस २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी गेले. लगेच आमच्या ग्रुपांवर 'आता भारताचा पोप?' सुरू. फोटो कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांचा. आपल्या मुंबईचे, फ्रान्सिस यांच्या सल्लागार मंडळातले, अभिमान वाटणारच. पण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ऐंशी पूर्ण केली होती. सहाव्या पॉल यांनी १९७० मध्ये केलेल्या नियमाने ऐंशी ओलांडलेल्या कार्डिनलला मत नाही. (निवडून मात्र येऊ शकतो. नियमाने कुठलाही बाप्तिस्मा झालेला पुरुष येऊ शकतो. पुरुष, हे लक्षात घ्या.) ते कॉन्क्लेव्हआधीच्या बैठकांना बसले आणि मतदानाच्या वेळी बाहेर राहिले. बाजारात तुरी, तशातली गत.

मुंबईला हे नवं नाही. व्हॅलेरियन ग्रेशियस १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल झाले. १९६३ च्या कॉन्क्लेव्हमध्ये ते होते आणि त्यात निवडले गेलेले सहावे पॉल पुढच्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला आले, ओव्हल मैदानावर. आमच्या आधीच्या पिढीतले लोक त्या गर्दीच्या आठवणी अजून सांगतात. ऑगस्ट १९७८ मध्ये मात्र व्हॅलेरियन ग्रेशियस आजारामुळे रोमला जाऊ शकले नाहीत आणि पुढच्याच महिन्यात वारले. २००५ मध्ये वांद्र्याच्या आयव्हन डायस यांचं नाव परदेशी पत्रकारांच्या याद्यांत होतं, तेव्हाही आपण असेच हरखलो होतो.

या वेळी भारताची चार मतं होती. गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव, हैदराबादचे अँथनी पूला, तिरुवनंतपुरमचे बसेलिओस क्लीमिस आणि व्हॅटिकनमध्येच काम करणारे केरळचे जॉर्ज कूवाकाड. पूला हे पहिले दलित कार्डिनल. ख्रिस्तसभेत जात नाही असं म्हणणाऱ्यांनी 'पहिले' आणि '२०२२' हे दोन शब्द शेजारी ठेवून बघावेत. या बातमीवर आमच्या ग्रुपांत किती बोलणं झालं? जवळपास शून्य. 'भारताचा पोप' यावर मात्र शेकडो मेसेज. फेर्रांव पोप झाले असते तर गोव्यात फटाके फुटले असते, वसईतही. पण त्यांनी काय केलं असतं, कोणत्या प्रश्नावर ते कुठे उभे आहेत, हे फटाके आणून ठेवणाऱ्यांपैकी कुणी सांगू शकलं नसतं.

बाहेरचं जगही फार शहाणं नव्हतं. पारोलिन की टागले, इटली की फिलिपिन्स. हंगेरीचे एर्डो, घानाचे टर्कसन, मार्सेचे आव्हलिन, जेरुसलेमचे पिझ्झाबाल्ला. पारोलिन यांची तब्येत बिघडल्याची अफवा उठली, व्हॅटिकनला खुलासा करावा लागला. टागले यांचा गातानाचा जुना व्हिडिओ शोधून काढला आणि त्यावरून त्यांचा धर्म तपासला. ट्रम्प यांनी स्वतःला पोपच्या वेशात दाखवणारं एआय चित्र टाकलं. आणि बाराव्या शतकातल्या संत मलाकीच्या नावावरचं पोपांविषयीचं भाकीत तर आपल्याकडेही आलं, शेवटच्या पोपचं नाव 'रोमचा पीटर' वगैरे. हे भाकीत पहिल्यांदा छापलं गेलं १५९५ मध्ये, मलाकी वारल्यावर साडेचारशे वर्षांनी, आणि बहुतेक अभ्यासक ते बनावट मानतात. पण पारोलिन पिएत्रो, एर्डो पेटर, टर्कसन पीटर, पिझ्झाबाल्ला पिएरबात्तिस्ता! भाकीत पाठवणाऱ्यांची चंगळ.

'कॉन्क्लेव्हमध्ये पोप म्हणून जातो तो कार्डिनल म्हणून बाहेर येतो' ही रोमची म्हण प्रत्येक पत्रकाराने एकदा तरी वापरली. ती अर्धीच खरी आहे. १९३९ चे पाचेल्ली, १९६३ चे माँतिनी (तेच सहावे पॉल), २००५ चे रात्झिंगर, तिघंही आघाडीवर म्हणून आत गेले आणि पोप होऊन बाहेर आले. उलट २०१३ मध्ये इटलीच्या बिशप परिषदेने कार्डिनल स्कोला यांचं अभिनंदन करणारा मेल पत्रकारांना पाठवून दिला, आणि सज्जात आले बेर्गोलिओ, म्हणजे फ्रान्सिस. घरच्या लोकांचा अंदाज असा चुकतो, तर सट्टेबाजांचं काय घेऊन बसलात.

या वेळी पासपोर्टचा हिशेब अगदीच फसला. अमेरिकन पोप होणार नाही, महासत्तेच्या हातात हेही कोण देईल, असं सगळे छातीठोक सांगत होते. झाले अमेरिकन, कार्डिनल रॉबर्ट प्रेव्होस्ट, आता चौदावे लिओ. पण कसले अमेरिकन? शिकागोत जन्म, आयुष्याचा मोठा काळ पेरूत, २०१५ पासून पेरूचं नागरिकत्व, चिक्लायोचे बिशप. सज्जातून आपल्या जुन्या धर्मप्रांताला स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, इंग्रजीचा एक शब्द नाही. ऑगस्टिनियन संघाचे जगाचे प्रमुख असताना ते केरळातही येऊन गेलेत. आता सांगा, देश कुठला धरायचा?

देशापेक्षा काम बघितलं असतं तर प्रेव्होस्ट हे नाव इतकं अनपेक्षित वाटलं नसतं, असं मला वाटतं. निकालानंतर बोलणं सोपं असतं, मान्य. पण साधं गणित बघा. १३३ मतदार, ८९ मतं हवीत. त्यांतले १०८ जण फ्रान्सिस यांनी नेमलेले, टोंगा, मंगोलिया, इराण अशा ठिकाणांहून आलेलेसुद्धा. त्यांतले बरेच एकमेकांना ओळखत नव्हते, काहींनी ते उघड सांगितलं. अशा सभेत कुणाला ओळखणारे जास्त? व्हॅटिकनचा परराष्ट्र कारभार बघणारे पारोलिन. आणि २०२३ पासून बिशप नेमण्याचं खातं सांभाळणारे प्रेव्होस्ट, कारण जगातल्या कितीतरी बिशपांची फाईल त्यांच्या टेबलावरून जायची. (आपल्याकडच्या लॅटिन बिशपांच्या फायली मात्र सुवार्ता प्रसाराच्या खात्यात जातात. तिथे टागले होते. आशियातली मंडळी टागले यांना जवळची का मानतात, त्याचं एक कारण हेही.) चौथ्या फेरीत निकाल लागला. ८ मेला आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेल्यावर पांढरा धूर दिसला. आपल्या वाहिन्यांवर तेव्हा जम्मू आणि सीमा होती, आणि ती असायलाच हवी होती.

काम बघायचं म्हणजे नुसती कौतुकं नाहीत. अत्याचारपीडितांच्या 'स्नॅप' या संघटनेने कॉन्क्लेव्हच्या आधीच कार्डिनलांचा कारभार तपासायला घेतला होता. चिक्लायोतल्या तक्रारींची चौकशी नीट झाली नाही असा त्यांचा प्रेव्होस्ट यांच्यावर आक्षेप होता. धर्मप्रांताने तो नाकारला. दुसरीकडे 'सोदालिसिओ' या पेरूतल्या बड्या संस्थेतल्या अत्याचारांबाबत प्रेव्होस्ट पीडितांच्या बाजूने उभे राहिले, असं तिथले पत्रकारच सांगतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून त्यावर वाद घाला ना! हा अंदाज बांधण्यालायक विषय. याला 'राजकारण' म्हणून फादर नाक मुरडणार असतील तर मुरडू देत. आर्थिक घोटाळ्यात शिक्षा झालेले कार्डिनल बेच्यू आत जाणार म्हणून अडून बसले होते, शेवटी माघार घेतली. ते काय केवळ आमच्या प्रार्थनेमुळे? बाहेर लोक बोलत होते म्हणूनही.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच यादीत नव्हती. २०२२ मध्ये फ्रान्सिस यांनी बिशप नेमण्याच्या खात्यावर तीन स्त्रियांना सदस्य केलं. पहिल्यांदाच. म्हणजे प्रेव्होस्ट ज्या बैठका चालवायचे, त्यांत बिशपपदाच्या उमेदवारांवर स्त्रियाही मत देत होत्या. त्यांच्यातल्या सिस्टर राफाएला पेत्रिनी आता व्हॅटिकन सिटीचा सगळा कारभार बघतात. बिशप कोण व्हावा यावर बाई बोलू शकते, पोपवर नाही. ही रेघ नेमकी कुठल्या धर्मतत्त्वाने आखली, हे मला कुणी समजावून सांगा. स्त्रियांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यावी का, हा प्रश्न मी काढतच नाही. मत देण्यासाठी दीक्षा लागते असं रोमच्या त्या पहिल्या शतकांतल्या लोकांना तरी वाटत नव्हतं.

नवे पोप निवडीच्या वेळी एकोणसत्तर वर्षांचे होते, तब्येत ठणठणीत. पुढच्या कॉन्क्लेव्हला मतदार कोण, हे ते स्वतः एकेका लाल टोपीने ठरवत जातील. अंदाज बांधायचा तर तो तिथे बांधायला हवा, कुणी आजारी पडेपर्यंत थांबून नव्हे. फेर्रांव यांचं मत २०३३ च्या जानेवारीत संपेल. मुंबईचे नवे आर्चबिशप जॉन रॉड्रिग्ज अजून कार्डिनल नाहीत. कूवाकाड मात्र १९७३ चे. मतमोजणी करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या काढायचं काम सर्वांत कनिष्ठ कार्डिनल-डीकनचं असतं, ते या वेळी त्यांच्याकडे होतं. २०५३ पर्यंत त्यांचं मत शाबूत आहे. तोवर मी असले तर फादर, अंदाज बांधणार. आणि काकांशी भांडणारही.