पारसिकच्या डोंगरात तांब्याची खाण नव्हती, कथिलाची तर नाहीच

"पारसिक डोंगरात शिलाहारांची तांब्या-कथिलाची खाण होती. इंग्रजांनी ती बोगद्याआड लपवली. तुर्भ्याच्या खदाणीतले हिरवे दगड आणि ठाण्याचे ताम्रपट हा पुरावा. रविवारी मुलांना घेऊन जा, आजही सापडतात!" सोसायटीचा, नातेवाइकांचा आणि ट्रेकचा, अशा तिन्ही ग्रुपवर ठाण्याजवळच्या पारसिक डोंगराबद्दलचा हा मजकूर मला आला. तो चूक आहे, आणि शेवटचं वाक्य धोक्याचं आहे.

आधी हिरवा दगड. आमच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा परवा असाच एक घेऊन आला. काळ्या बसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या दगडात, सुपारीएवढी पोकळी, आतून हिरवं अस्तर, त्यावर पांढरे स्फटिक. हिरवं नखाने खरवडलं तर ओल्या मातीसारखं बोटाला लागलं. हे सेलाडोनाइट नावाचं खनिज, त्याचा हिरवेपणा लोहाचा. तांब्याचं हिरवं खनिज म्हणजे मॅलाकाइट. ते नखाला दाद देत नाही आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की फसफसतं. या अस्तरावर एक बुडबुडाही आला नाही. रंगावर तर जाऊच नये. पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट हे खनिज तांब्याच्या मोरचुदासारखं निळंशार असतं, पण ती निळाई व्हॅनेडियम या वेगळ्या धातूची.

बसाल्टमध्ये तांबं असतं, नाही असं नाही. पण टनामागे शे-दोनशे ग्रॅम, तेही सगळ्या दगडात विखुरलेलं. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडच्या खाणीत टनामागे दहा किलोच्या आसपास असतं, म्हणून तिथे खाण आहे. महाराष्ट्रात तांब्याचा एक साठा आहे तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासनाला. नावातल्या 'ठाणे'मुळेच कुणाची गफलत झाली असावी, असा माझा अंदाज.

कथिलाचा प्रश्न त्याहून लवकर मिटतो. कल्हईचं कथील ज्या कॅसिटेराइटमधून काढतात, ते ग्रॅनाइटच्या सोबतीने सापडतं: बस्तर-दंतेवाड्यात, हरियाणात तोशामला, इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला. कॉर्नवॉलच्या जुन्या खाणींतून तांबं आणि कथील दोन्ही निघत. पारसिक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. ग्रॅनाइट नाही, कथील नाही.

ताम्रपट मात्र खरे, आणि आपल्या अभिमानाचे. शिलाहार राजा अरिकेसरीचा इ. स. १०१७ चा ताम्रपट १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम करताना सापडला. पण पत्रा जिथे सापडला तिथेच धातू खणला, हे कसं? पहिल्या शतकातली 'पेरिप्लस' ही ग्रीक दर्यावर्दी नोंद भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं मोजते. तिच्यात आपल्या कल्याणचंही नाव आहे. पश्चिम किनाऱ्यावर धातू गलबतातून येत होता, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

बोगदा १९१६ साली रेल्वेसाठी सुरू झाला, लांबी सुमारे १.३ किलोमीटर. फास्ट लोकल वर्षानुवर्षं त्यातूनच गेल्या. लपवायच्या जागेतून कुणी गाड्या सोडत नाही. आणि तुर्भे-नेरूळकडचे ते मोठे खड्डे खडीसाठी फोडलेले. क्रशरचा धुरळा इथल्या जुन्या माणसांना चांगला आठवतो.

आता त्या रविवारबद्दल. पावसाळ्यात या खदाणी भरतात. कडा सुरुंगाने उभ्या तासलेल्या, पाण्याखाली पाय टेकायला जागा नाही, आणि वरची सैल खडी पायाखालून सरकते. मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर आजच लिहा की मुलांना तिकडे नेऊ नका. हिरवा दगड बघायचा असेल त्यांनी आमच्याकडे यावं. तो खिडकीत ठेवलाय, भिंगही शेजारीच आहे.